मागची बाजू काळी हवी

माझ्या धाकट्या बहिणीवर अन्याय झाला. खंडेनवमीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, होसकोटेच्या औद्योगिक भागातल्या एका सभागृहात, कोपऱ्यातल्या टेबलाशी. ती चौदा वर्षांची आहे, टेबल टेनिस खेळते आणि बॅट पेनसारखी धरते. त्या दिवशी ती हरली. हरली ती पकडीमुळे, असं ठरवून तिला सरावाच्या बॅचमधून घरी पाठवलं गेलं. मी तिथे हजर होते. पकडीचा त्या हरण्याशी काडीचा संबंध नव्हता.

पत्रक असं सुरू करायचं असतं: कोणावर, कधी, कुठे. बसचे थांबे, टँकरचं पाणी, कँटीनच्या वेळा असल्या प्रश्नांवर मी कॉलेजपासून पत्रकं लिहिते, वाटते आणि दुसऱ्या दिवशी त्यांतच बांधलेली भजी घरी आणते. त्यामुळे हातच तसा वळलाय. या अन्यायाचंही पत्रक लिहिलं होतं. त्याचं काय झालं ते पुढे येईल. सध्या दमले आहे, म्हणून सावकाश सांगते.

आमचे बाबा सांगलीकडून इथे बेंगळुरूला एका सरकारी कारखान्यात आले, ड्रॉइंग ऑफिसात. कारखान्याची वसाहत, वसाहतीचा क्लब, क्लबात एक कॅरम, एक टेबल टेनिसचं टेबल आणि कुलूप लावलेलं पुस्तकांचं कपाट. क्लबातले जुने लोक बॅट पेनसारखी धरायचे, म्हणून बाबांनीही तशीच धरली. यामागे दुसरं काही कारण नाही. बहीण टेबलापेक्षा जेमतेम उंच झाली तेव्हा बाबांनी तिला सांगितलं, "पेन धरतेस ना, तशी धर." झालं. तिचं सगळं पुढचं आयुष्य त्या एका वाक्यावर उभं राहिलं, आणि वाक्य बोलणारा माणूस चहा प्यायला निघून गेला.

ज्यांनी हा खेळ जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. जवळजवळ सगळे खेळाडू बॅट धरतात ती कुणाशी हात मिळवावा तशी. तिला शेकहँड म्हणतात. बॅटीला दोन्ही बाजूंनी रबर असतं, उजवीकडचा चेंडू एका बाजूने मारायचा, डावीकडचा दुसऱ्या. पेनहोल्डमध्ये पातं खाली लोंबतं, अंगठा आणि पहिलं बोट पुढून दांड्याला धरतात आणि उरलेली तीन बोटं पात्याच्या पाठीवर सरळ टेकतात. बाबांच्या जुन्या पद्धतीच्या बॅटीला रबर एकाच बाजूला, पुढे. पाठ नुसती लाकडाची, रंग दिलेली. जे काही मारायचं ते पुढच्या बाजूने.

याचे फायदे आहेत. मनगट मोकळं राहतं, सर्व्हिस अशी वळते की समोरचा चेंडूऐवजी हवा मारतो. तोटा एकच, पण मोठा. डाव्या बाजूला जोरात आलेला चेंडू शेकहँडवाली मुलगी जागेवर उभी राहून परत मारते. माझी बहीण धावते. टेबलाच्या डाव्या कोपऱ्याबाहेर जाऊन उजव्या हाताने पुढून मारते, आणि तेवढ्यात उजवा कोपरा रिकामा झालेला असतो, म्हणून पुन्हा धावते. रोज संध्याकाळी तिच्या पोटऱ्या दुखतात आणि आई तेल लावताना म्हणते, "हा टेबलाचा खेळ आहे ना गं? मग धावतेस कुठे?"

बॅच के. आर. पुरमला होती. वसाहतीतून एक बस, मग चालत. तिथले प्रशिक्षक स्वतः चांगले खेळलेले, बोलायला कमी, मुलांच्या नावांऐवजी त्यांच्या चुकांनी त्यांना ओळखणारे. बहिणीला त्यांनी घेतलं तेव्हा तिची बॅट हातात फिरवून पाहिली, पाठीवर टकटक केलं आणि कन्नडमध्ये एवढंच म्हणाले, "बघू." ते 'बघू' दोन वर्षं चाललं. बाकीच्या मुली जोड्या लावून सराव करायच्या, हिच्यासमोर उभं राहायला कुणी राजी नसायचं, कारण हिचा चेंडू वेगळा यायचा आणि त्यांचा ठेका मोडायचा. ती भिंतीशी सर्व्हिस करत बसायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "ताई, स्वल्प गप्प बस ना. मी खेळतेय ना."

आता खंडेनवमी.

बेंगळुरूत कारखान्यात ज्यांनी नोकरी केली त्यांना सांगायला नको. त्या दिवशी यंत्रांना केळीचे खुंट बांधतात, गेटवर कोहळा फोडतात, लेथ मशिनलाही हार असतो. आमच्या घरी ही पूजा बाबा कारखान्याइतक्याच गंभीरपणे करतात. स्कूटर, आईचा मिक्सर, शिलाई मशीन, त्यांचा जुना ड्रॉइंगचा कंपासपेटीचा संच, माझा प्रिंटर, सगळ्यांना टिळा. माझ्या प्रिंटरमधून सरकारविरोधी पत्रकं निघतात आणि बाबांचं पेन्शन सरकारी येणार आहे, तरी त्याला झेंडूचं फूल मिळतं. या वर्षी बहिणीची पहिली मोठी निवड स्पर्धा होती, म्हणून बॅटीची पूजा जरा जास्तच झाली.

तिच्या बॅटीच्या पाठीवरचा काळा रंग तीन बोटांच्या जागी उडाला होता. बाकीचा पोपडे धरत होता. बाबांना ते बघवेना. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्यांनी काचकागद घेतला आणि ड्रॉइंग ऑफिसातल्या माणसाच्या शिस्तीने सगळी पाठ घासून काढली. खाली सुंदर लाकूड निघालं, पिवळसर, रेषारेषांचं. सकाळी कुंकवात थोडं तेल घालून त्यांनी त्यावर स्वस्तिक काढलं. रेषा अशा सरळ की पट्टीने काढल्यासारख्या. बहिणीने बॅट हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाली, "बाबा, मस्त दिसतेय." आम्हा सगळ्यांनाच मस्त दिसली. मीही फोटो काढला.

त्या रविवारी पहिल्या सामन्याआधी पंचबाईंनी दोन्ही मुलींच्या बॅटी मागितल्या. बहिणीची उलटी केली आणि थांबल्या. मग बाबांना हाक मारली.

"सर, मागची बाजू काळी हवी."

बाबा म्हणाले, "मॅडम, मागे रबरच नाही. मागून ती खेळतच नाही."

"रबर नसू दे. पुढे लाल आहे तर मागे काळं पाहिजे. उघडं लाकूड चालत नाही. समोरच्या मुलीला दोन्ही बाजू वेगळ्या दिसल्या पाहिजेत."

"आधी काळंच होतं. पूजेसाठी घासलं."

पंचबाईंनी स्वस्तिकाकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावरही कुंकू होतं. त्या खरोखर अवघडल्या. गुण लिहिणाऱ्याच्या टेबलावरून त्यांनी जाड काळा मार्कर उचलला आणि पुढे केला. "थोडा वेळ देते मी. पटकन भरून टाका. तेवढं चालवून घेऊ."

मार्कर बाबांच्या हातात होता. मी त्यांच्या शेजारी उभी होते, बहीण बूट बांधत होती. ते बॅटीकडे बघत राहिले.

"बाबा, भरा ना," मी म्हणाले.

"यावर काळं फासू?"

"रंग आहे तो."

"तुला रंग आहे. उद्या देवघरात समईवर डांबर ओतशील आणि म्हणशील, रंग आहे."

"बाबा, तिचा सामना आहे."

"मला कळतंय तिचा सामना आहे. म्हणूनच पूजा केली होती ना मी."

त्यांचा आवाज चढला नाही. ते हट्टाला पेटले असते तर मला भांडता आलं असतं. ते नुसते उभे होते, मार्करचं टोपण काढत होते आणि लावत होते. बहिणीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उठली, बाबांच्या हातातून बॅट घेतली, कव्हरमध्ये घातली आणि शेजारच्या टेबलावर नुकत्याच खेळून झालेल्या एका मुलीला म्हणाली, "अक्का, तुझी देतेस का?"

ती शेकहँडची बॅट होती. लांब दांडा, खाली रुंद होत गेलेला. पेनसारखी धरली की तो दांडा अंगठ्याच्या मागच्या खोबणीत रुततो आणि मनगट वळत नाही. मनगटावर तर बहिणीची सगळी सर्व्हिस. पहिल्या दोन सर्व्हिस नेटमध्ये गेल्या. तिसरी टेबलाबाहेर. समोरच्या मुलीने दोन गुणांत ओळखलं की हिच्या डावीकडे मारत राहायचं. बहीण धावत राहिली. मी अनेक आंदोलनांत पोलिसांच्या गाडीत बसलेली आहे, पण त्या सामन्यात खुर्चीवर बसून राहणं मला जास्त जड गेलं. तीन गेम, सरळ तीन. हात मिळवताना तिने समोरच्या मुलीला हसून काहीतरी सांगितलं. नंतर कळलं की ती म्हणाली, "तुझे बूट छान आहेत."

प्रशिक्षक तिसरा गेम बघायला आले होते. आधीचं काही त्यांना माहीत नव्हतं. बाबांना म्हणाले, "बघितलं ना सर? पेनहोल्डचं हे असं होतं. मोठ्या गटात डाव्या बाजूला ही टिकणार नाही. शेकहँड करून आणा, मग बॅचला पाठवा. आता चौदा आहे, अजून बदलता येईल."

बाबा म्हणाले, "सरी," म्हणजे बरं. बस.

मी घरी येऊन पत्रक लिहिलं. मथळा होता, 'पकड हा गुन्हा नाही'. मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. त्यात मी निवड समितीला पाच प्रश्न विचारले होते, जगभरच्या पेनहोल्ड खेळाडूंचा दाखला दिला होता आणि शेवटी मुलीला सन्मानाने परत घेण्याची मागणी केली होती. बहिणीला वाचायला दिलं. ती पलंगावर पालथी पडून वाचत होती.

"ताई, हे वाचून असं वाटतं की मला पोलिसांनी पकडलंय."

"मुद्दा कळतोय ना?"

"मुद्दा कळतोय. पण यात बाबांनी मार्कर लावला नाही हे कुठेय?"

नव्हतं. ते मी कुठे आणि कसं लिहिणार होते? समितीच्या विरोधात मुद्दा असला की हात चालतो. आपल्याच वडिलांनी देवाच्या खुणेवर काळं फासायला नकार दिला, त्याविरुद्ध कोणाला निवेदन द्यायचं? आणि पंचबाई नियमाने बरोबर होत्या. त्यांनी तर आपल्याकडून वेळही दिला.

"मग नको वाटूस," ती म्हणाली. "सरांना जाऊन खरं काय झालं ते सांग फक्त. मला जायला लाज वाटते."

मी गेले. के. आर. पुरमच्या त्या हॉलमध्ये दुपारी कुणी नव्हतं, सर एकटे टेबलांवरची धूळ पुसत होते. मी सगळं सांगितलं, काचकागदापासून मार्करपर्यंत. ऐकता ऐकता ते खुर्चीत बसले.

"मला कुणी सांगितलंच नाही," ते म्हणाले. "तुझे बाबा नुसते सरी म्हणाले."

"ते नेहमीच सरी म्हणतात. म्हणजे तुमचा निर्णय चूक होता."

"कारण चूक होतं." त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. "नोडम्मा, हे बघ, नीट ऐक. त्या दिवशी ती दुसऱ्याच्या बॅटीमुळे हरली, मान्य. स्वतःच्या बॅटीने ती जिंकली असती. पुढच्या वर्षीही कदाचित जिंकेल. त्यानंतर?"

"पेनहोल्डवाले वरपर्यंत खेळतात, सर."

"खेळतात. थोडे आहेत, पण आहेत. ते मागच्या बाजूलाही रबर लावतात आणि मनगट उलटवून पाठीने मारतात. डावीकडे धावत नाहीत. तुझे बाबा शिकवतात तो खेळ त्यांच्या क्लबातल्या म्हाताऱ्यांचा आहे. पाठीला हात लावायचा नाही, नुसतं पुढून. त्या खेळाला आता जागा नाही. मला राग नाही त्याचा, माझे गुरूही तसेच खेळायचे. पण नाही जागा."

"मग तुम्ही शिकवा तिला पाठीने मारायला."

ते हसले, आनंदाने नाही. "मला येत नाही. मी शेकहँड. मी पुस्तकी सांगेन, तिचं मनगट दुखवेन. इथे तो फटका मारून दाखवणारं मी कुणी पाहिलं नाही. एकीसाठी मी बाकीच्यांना थांबवू? त्यांचे आईबाप पण पत्रक काढतील." मग माझ्याकडे बघून, "तू काढलंस का?"

"लिहिलं होतं. वाटलं नाही."

"बरं केलंस," ते म्हणाले आणि पुन्हा टेबल पुसायला लागले. मी दारापाशी गेले तेव्हा ते पाठमोरेच बोलले, "दिवाळीच्या पाडव्यानंतर मी पुन्हा चाचणी घेतो. पाठीने दहा चेंडू सलग टेबलावर टाकले तर पेनहोल्डसकट घेतो. नाही टाकले तर शेकहँड. तिला सांग, आणि बाबांना सांग की या वेळी सरी नाही म्हणायचं, काय ते बोलायचं."

घरी सांगितलं. बाबांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"पाठीने मारायचं?" ते म्हणाले. "पाठीवर बोटं असतात."

"बोटं वाकवायची, बाबा," बहीण म्हणाली. ती मोबाइलवर आधीच बघत बसली होती. "हे बघा. अशी."

ते बघत राहिले. चार-पाच वेळा तोच तुकडा पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन दोन्ही बाजूंना रबर असलेली, आखूड दांड्याची पेनहोल्ड बॅट घेऊन आले. पूजेचा विषय आईने काढला, जेवताना, मुद्दाम. बाबा म्हणाले, "मी चुकलो असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या वर्षी टिळा दांड्यावर लावीन."

आईने विचारलं, "आणि समोरच्या मुलीला दांडा दिसला तर?"

"गप वाढ तू," बाबा म्हणाले, आणि बहीण जेवता जेवता हसली. त्या रविवारनंतर पहिल्यांदाच.

तेव्हापासून रोज संध्याकाळी वसाहतीच्या क्लबात हे चाललंय. मोबाइल नेटच्या खुंटाला टेकवलेला, त्यात कुणीतरी परक्या देशातला माणूस हळू केलेल्या चित्रात मनगट उलटवतोय. बहीण त्याच्याकडे बघते, मग चेंडूकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. बाबा पलीकडून तिच्या डावीकडे चेंडू टाकतात. त्यांचा खांदा गेलाय. थोडा वेळ टाकून झालं की ते खुर्चीवर बसतात आणि दुसऱ्या हाताने खांदा दाबतात. मग मी टाकते. मी टाकलेला चेंडू कधी नेटमध्ये, कधी तिच्या अंगावर. ती तक्रार करत नाही, वाकून उचलते. तिच्या अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडलाय. सलग चार जातात, पाचवा उडतो. परवा सहा गेले. काल पुन्हा तीनच.

परवा तिला विचारलं, खरं विचारलं, की शेकहँड करायचंय का. सोपं होईल. मैत्रिणी आहेत, जोडी मिळेल, कुणी मोबाइल टेकवायला नको. ती चेंडू बॅटीवर टपटपवत राहिली.

"मला असंच खेळायचंय," ती म्हणाली. "पण एकटीने नाही गं, ताई. मला कंटाळा येतो."

तिने आतापर्यंत मागितलेली ही एकच गोष्ट आहे, आणि ती मला देता येत नाही. बाबांना तो फटका येत नाही, सरांना येत नाही, मला चेंडूही धड टाकता येत नाही. पेनहोल्डचं भवितव्य म्हणून लोक जे काही बोलतात ते आमच्या क्लबात एवढ्यावर अडलंय. पलीकडच्या बाजूला माणूस नाही. ही पकड हरली की मेली यावर वाद घालायला भरपूर जण येतात. कालच एक गृहस्थ कॅरम सोडून आले, दारात उभं राहून जुन्या चॅम्पियनांबद्दल बराच वेळ बोलले आणि चहा पिऊन गेले. चेंडू एकही टाकला नाही त्यांनी.

पाडवा जवळ आलाय. हे मी वसाहतीत आणि आसपास राहून गेलेल्या, अजून राहणाऱ्या माणसांसाठी लिहितेय, आणि तुम्हाला क्लब कुठे आहे ते माहीत आहे. तुमच्यापैकी कुणी कधी पेनसारखी बॅट धरून मागच्या बाजूने मारलं असेल, आनेकलला असा, होसकोटेला असा, नाहीतर दोन गल्ल्या सोडून, या आठवड्यात संध्याकाळी सहाला या. बॅट घेऊन या. तो फटका येत नसेल तरी या, चेंडू टाकायला हात लागतात आणि बाबांचा खांदा आता वर होत नाही. दारात उभं राहून बोलू नका. सरळ टेबलाच्या पलीकडे जा आणि तिच्या डावीकडे टाका.